विश्लेषण : ज्योत वातीला धरून का राहते? मायकेल फॅरेडे आणि मेणबत्तीची गोष्ट

गॅसच्या शेगडीची निळी ज्योत कधी कधी बर्नरची भोके सोडून किंचित वर तरंगते, फुरफुरते आणि एखादी विझूनही जाते. बर्नर साफ केला किंवा हवेची झडप थोडी फिरवली की ती पुन्हा जागेवर बसते. अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात दिसणारी ही गोष्ट किरकोळ वाटते. पण ज्योत इंधनाच्या तोंडाशी टिकून का राहते, केव्हा सुटते आणि सुटल्यावर कुठे थांबते, हा ज्वलनशास्त्रातला मोठा प्रश्न आहे. पारसच्या वीज केंद्रातल्या बॉयलरपासून रॉकेटच्या इंजिनापर्यंत सगळीकडे तो आडवा येतो.

ज्योतीकडे बारकाईने कसे पाहायचे हे सामान्य लोकांना ज्यांनी शिकवले, ते मायकेल फॅरेडे आपल्याला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव येते ते विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यात. जनित्र, रोहित्र, मोटर या सगळ्यांचे मूळ त्यांच्या प्रयोगांत आहे. मात्र या माणसाच्या कामाचा मोठा वाटा ज्योतीजवळ गेला. खाणीतले दिवे, दीपगृहातले दिवे, गाणाऱ्या ज्योती आणि शेवटी एक साधी मेणबत्ती.

डिफ्यूजन फ्लेम म्हणजे काय?

ज्योती ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात इंधन आणि हवा आधीच मिसळलेली असते, मग ते मिश्रण पेटते. दुसऱ्या प्रकारात इंधन आतून येते, हवा बाहेरून येते आणि दोघांची जिथे गाठ पडते त्या पातळ पडद्यातच जळण्याचे काम होते. ही डिफ्यूजन फ्लेम. शाळेतल्या मराठीत डिफ्यूजनला विसरण म्हणतात, म्हणून हिला विसरण ज्योत म्हणता येईल. समई, निरांजन, मेणबत्ती, रॉकेलची चिमणी, कंदील ही सगळी याच घराण्यातली. गॅसची शेगडी दोन्हींच्या मधली आहे. तिच्या बर्नरमध्ये थोडी हवा आधीच मिसळते. आतला गडद निळा सुळका त्या मिश्रणाचा असतो आणि बाहेरचे फिकट आवरण भोवतालच्या हवेवर जळते.

ज्योत इंधनाच्या तोंडाला घट्ट चिकटलेली दिसते, पण तशी नसते. अगदी कडेला धातू उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तिथे जळणे शक्यच नसते. ज्योतीचे बूड कडेपासून किंचित वर, जिथे इंधन आणि हवा योग्य प्रमाणात मिसळली आहेत आणि वायूचा वेगही कमी आहे, अशा जागी टेकलेले असते. ज्योत खाली सरकू पाहते आणि वायूचा प्रवाह तिला वर ढकलतो. दोन्ही वेग जिथे जुळतात तिथे तिचा मुक्काम.

वायूचा झोत वाढवत नेला की एका क्षणी हे बूड कडेला सोडते आणि ज्योत वर हवेत तरंगू लागते. याला लिफ्ट-ऑफ म्हणतात. आणखी झोत वाढवला की ती पार विझते, तो ब्लो-आउट. यात एक गंमत आहे. एकदा सुटलेली ज्योत परत तोंडाशी आणायची तर झोत ज्या वेगाला ती सुटली होती, त्याच्याही बराच खाली आणावा लागतो. म्हणजे सुटणे आणि बसणे यांचा हिशेब वेगवेगळा असतो. जुन्या बर्नरवर काम केलेल्या माणसाला हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

फुंकर मारल्यावर मेणबत्ती विझते तीही अशीच. फुंकर ज्योतीला वातीपासून तोडून दूर नेते. वातीजवळची वाफ थंड पडते आणि ती पुन्हा पेटवायला जवळ काही उरत नाही. मग फुंकणीने चूल का पेटते? कारण चुलीत पऱ्हाटीचे निखारे असतात. वारा लागला की निखारा आणखी तापतो आणि सुटलेली ज्वाळा लगेच पुन्हा धरतो. मेणबत्तीच्या वातीकडे एवढी शिल्लक उष्णता नसते.

लोहाराचा मुलगा प्रयोगशाळेत कसा पोहोचला?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहार होते आणि सतत आजारी असत. १८०१ च्या महागाईत घरची अवस्था अशी होती की मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो आठवडाभर पुरवावा लागे. शाळा लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढ्यावरच संपली. पुढे आयुष्यभर त्यांचे गणित कच्चेच राहिले. समीकरणांऐवजी त्यांनी डोळे आणि हात वापरले. ज्योतीच्या बाबतीत हे त्यांच्या पथ्यावर पडले असे म्हणायला हरकत नाही.

तेराव्या वर्षी ते जॉर्ज रिबो या पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले आणि नंतर सात वर्षे तिथेच उमेदवारी केली. बांधायला आलेली पुस्तके ते वाचत. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्राचे संवादरूप पुस्तक त्यांनी असेच वाचले. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडे यांनी त्या व्याख्यानांची टिपणे काढली, ती नीट उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने पुस्तक बांधले आणि डेव्हींना पाठवून दिले.

त्याच सुमारास डेव्हींच्या डोळ्यांना एका स्फोटात इजा झाली होती. लिहायला माणूस हवा होता. काही दिवस फॅरेडे यांनी ते काम केले आणि १ मार्च १८१३ रोजी ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाले. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांचे घर आणि प्रयोगशाळा त्या एकाच इमारतीत होते.

हिरा जाळला, मग खाणीतला दिवा

नोकरी लागून वर्षही झाले नव्हते तोच डेव्ही त्यांना युरोपच्या दौऱ्यावर घेऊन गेले. सोबत डेव्हींची पत्नी होती आणि तिने फॅरेडे यांना नोकरासारखे वागवले. हा अपमान त्यांनी गिळला. पण १८१४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये जे पाहायला मिळाले ते कुठल्या विद्यापीठातही मिळाले नसते. तिथल्या राजघराण्याच्या संग्रहातल्या प्रचंड भिंगाने सूर्यकिरण एकवटून डेव्हींनी प्राणवायूत हिरा जाळला. हिरा जळून उरला तो कार्बनचा वायू. म्हणजे हिरा आणि कोळसा मुळात एकच. जळणे म्हणजे नष्ट होणे नव्हे, पदार्थ एका रूपातून दुसऱ्यात जातो, हे २२ वर्षांच्या फॅरेडे यांनी डोळ्यांसमोर घडताना पाहिले.

१८१५ मध्ये ते परतले तेव्हा इंग्लंडमध्ये खाणींचा प्रश्न पेटला होता. २५ मे १८१२ रोजी फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जण ठार झाले होते. खाणीत मिथेन वायू साचे, कामगाराच्या हातात उघडा दिवा असे आणि पुढे जे व्हायचे ते होई. अंधारात खोदता येत नाही आणि दिवा नेला तर जीव जातो, असा तो पेच होता.

डेव्हींनी १८१५ च्या हिवाळ्यात यावर जो उपाय काढला तो फॅरेडे यांच्या मदतीने. दिव्याभोवती बारीक धातूची जाळी. जाळीतून हवा आत जाते, उजेड बाहेर येतो, पण ज्योत बाहेर पडू शकत नाही. कारण जाळीच्या तारा उष्णता ओढून घेतात आणि बाहेरचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. बर्नरच्या कडेला ज्योत टेकत नाही तीही याच कारणाने, हे आता लक्षात येईल. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत हा दिवा उतरवला गेला.

दिव्याचे कौतुक झाले, पण तो निर्धोक नव्हता. हवेचा झोत जोराचा असला तर ज्योत जाळीतून पलीकडे ढकलली जाई. जाळी गंजली, एखादी तार तुटली तरी तेच. शिवाय दिवा आला म्हणून मालकांनी आधी बंद ठेवलेल्या, वायूने भरलेल्या भागांतही माणसे उतरवली. वेग आणि ज्योत यांचा सामना इथे थेट माणसाच्या जिवाशी येऊन ठेपला होता.

ज्योत गाते कशी?

१८१८ मध्ये फॅरेडे यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. विषय होता नळीत ठेवलेल्या ज्योतीतून निघणारा सूर. हायड्रोजनची बारीक ज्योत उभ्या काचेच्या नळीत धरली की बासरीसारखा आवाज येतो, हे लोकांना माहीत होते. जळताना पाण्याची वाफ होते आणि ती लगेच आकसते म्हणून आवाज येतो, असे तेव्हाचे स्पष्टीकरण होते. फॅरेडे यांनी कार्बन मोनॉक्साइडची ज्योत नळीत धरली. या वायूच्या जळण्यात पाणी तयारच होत नाही. तरीही नळी गायली. स्पष्टीकरण एका फटक्यात निकालात निघाले.

प्रयोग लहान होता, पण त्याचा धागा लांब गेला. ज्योतीची उष्णता आणि नळीतल्या हवेचे कंप एकमेकांना जोर देऊ लागले की आवाज वाढत जातो. गॅस टर्बाइन आणि रॉकेट यांच्या इंजिनात हेच घडले तर इंजिन फुटू शकते. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटच्या एफ-१ इंजिनाला या त्रासाने ग्रासले होते आणि इंधन फवारणाऱ्या तबकडीवर आडव्या भिंती घालून तो आटोक्यात आणावा लागला.

दीपगृहाच्या काचेवर पाणी कुठून आले?

१८२१ मध्ये फॅरेडे यांचा सारा बर्नार्ड यांच्याशी विवाह झाला. १८२५ मध्ये ते प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि त्याच वर्षी दिव्यासाठी दाबून भरलेल्या तेलवायूच्या टाकीत तळाशी जमणाऱ्या द्रवातून त्यांनी एक नवा पदार्थ वेगळा केला. आज त्याला बेंझिन म्हणतात. रंगांपासून औषधांपर्यंत किती तरी उद्योग त्यावर उभे राहिले, आणि तो सापडला दिव्याच्या गाळात. २९ ऑगस्ट १८३१ ची ती विजेची नोंद, ज्यामुळे जग त्यांना ओळखते, ती यानंतरची. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे.

१८३६ पासून ते इंग्लंडच्या दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे वैज्ञानिक सल्लागार होते. हे काम त्यांनी जवळजवळ तीस वर्षे केले. अडचण साधी दिसणारी होती. थंडीच्या रात्री दीपगृहाच्या काचा आतून पाण्याने भरत, कधी त्यावर बर्फ धरे, उजेड मंदावे आणि जहाजे खडकावर जाण्याचा धोका वाढे. पाणी येई ते दिव्यातूनच. तेलातला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी जुळून पाणी होतो आणि एक किलो तेल जळले की एक किलोहून जास्त पाणी तयार होते. फॅरेडे यांनी ज्योतीवरची चिमणी अशी बदलली की जळलेला वायू खोलीत न पसरता नळीने थेट बाहेर जाई. त्यामुळे काचा कोरड्या राहिल्या. या रचनेचे पेटंट त्यांनी स्वतः घेतले नाही, गॅसच्या दिव्यांचा धंदा करणारे भाऊ रॉबर्ट यांना दिले.

काचेच्या चिमणीचा हा महिमा महाराष्ट्राला नवा नाही. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातून निघालेला प्रभाकर कंदील गावोगावी पोहोचला होता. वाऱ्यात चिमणी विझते आणि कंदील टिकतो, यात काचेचे काम दुहेरी आहे. ती बाहेरचा झोत अडवते आणि आत तापलेल्या हवेचा खालून वर जाणारा एकसारखा प्रवाह तयार करते. ज्योतीला तिच्या सोयीचा वारा मिळतो.

हॅसवेलमध्ये फॅरेडे यांनी काय पाहिले?

२८ सप्टेंबर १८४४ रोजी डरहॅम परगण्यातल्या हॅसवेल खाणीत स्फोट झाला. ९५ पुरुष आणि मुले मरण पावली. सरकारने चौकशीला फॅरेडे आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवले. दोघे खाणीत उतरले. लायेल यांनी पुढे सांगितलेल्या एका आठवणीनुसार, खाली माहिती घेत असताना फॅरेडे ज्या पोत्यावर बसले होते ते सुरुंगाच्या दारूचे निघाले आणि शेजारीच उघडी मेणबत्ती जळत होती. खाणीत सुरक्षेची काय अवस्था होती, हे कळायला एवढे पुरे.

त्यांच्या अहवालातला मुद्दा महत्त्वाचा होता. स्फोटाची सुरुवात वायूने झाली असली तरी तो इतका दूर पसरला तो कोळशाच्या धुळीमुळे. खांबांवर आणि भिंतींवर धुळीचा अर्धवट भाजलेला थर चिकटलेला त्यांनी पाहिला होता. पहिल्या झटक्याने उडालेली धूळ हवेत मिसळली आणि तीच पुढचे इंधन झाली. खाणमालकांना हे पटवून घ्यायचे नव्हते. वायूचा दोष निसर्गाच्या माथी मारता येतो, धूळ झाडली नाही याचा दोष कुणाच्या तरी डोक्यावर येतो. अहवाल बाजूला पडला. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या कूरियेर येथे धुळीच्या स्फोटाने १,०९९ बळी घेतले. भारतात १९६५ मध्ये धोरीच्या खाणीत अडीचशेहून जास्त कामगार गेले, तेही कोळशाच्या धुळीनेच.

आता गंमत पाहा. हॅसवेलमध्ये ज्या गुणधर्माने माणसे मारली, त्यावरच अकोला जिल्ह्यातले पारस चालते. तिथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या खासगी केंद्रात २७० मेगावॉटचे पाच. दोन्ही ठिकाणी कोळसा पिठासारखा बारीक दळतात, हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात आणि तो हवेतच जळतो. धूळ तीच, फक्त ती कुठे आणि किती वेगाने पेटावी हे माणूस ठरवतो.

आणि इथे ज्योतीचा मुक्काम अगदी कळीचा ठरतो. बर्नरपासून ज्योत सुटली आणि भुकटी मात्र येत राहिली, तर काही क्षणांत भट्टी न जळलेल्या इंधनाने भरते. मग एक ठिणगी पुरते. म्हणून अशा भट्टीत ज्योतीवर सतत नजर ठेवणारी उपकरणे असतात आणि ज्योत गेल्याचा संकेत मिळाला की इंधन आपोआप तोडले जाते. भार कमी असताना हा धोका वाढतो, कारण भुकटी विरळ होते आणि भट्टी थंडावते. तेव्हा ज्योतीला आधार म्हणून तेलाचे बर्नर चालू करावे लागतात. दिवसा सौर वीज वाढली की औष्णिक संचांना भार उतरवावा लागतो, त्यामुळे हा विषय येत्या काळात मागे पडण्यासारखा नाही.

मेणबत्तीवर सहा व्याख्याने का?

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. फॅरेडे यांनी अशा १९ मालिका दिल्या. त्यातला मेणबत्तीचा विषय त्यांनी १८४८ मध्ये घेतला आणि १८६०-६१ च्या नाताळात पुन्हा घेतला. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते, स्मरणशक्ती दगा देत होती आणि ही त्यांची मुलांसाठीची शेवटची मालिका ठरली. विल्यम क्रुक्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ती उतरवून घेतली आणि १८६१ मध्ये पुस्तक निघाले. ते आजही छापले जाते.

पहिला प्रश्न ते वाटीचा घेतात. जळणाऱ्या मेणबत्तीच्या डोक्यावर वितळलेल्या मेणाची छोटी वाटी होते. कडा का वितळत नाहीत? कारण ज्योतीमुळे गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला खालून थंड हवा मेणबत्तीच्या अंगाला घासून वर येते आणि कडा गार ठेवते. म्हणजे ज्योत स्वतःच्या इंधनाचे भांडे स्वतःच घडवते. वाऱ्याची झुळूक एका बाजूने आली की कडा एका बाजूला वितळते, मेण ओघळते आणि मेणबत्ती वाकडी जळते. नक्षीदार, खाचांच्या मेणबत्त्या दिसायला सुंदर पण जळायला वाईट, हा त्यांचा शेरा याच तर्कातून आला होता.

मग वात. पातळ झालेले मेण कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून आपोआप वर चढते, जसे टॉवेलचे टोक बादलीत राहिले तर पाणी वर चढते. वात स्वतः फारशी जळत नाही, ती वाहतूक करते. मेणही मेण म्हणून जळत नाही, त्याची वाफ जळते. हे सिद्ध करायला फॅरेडे यांनी वाकडी काचेची नळी घेतली, तिचे एक टोक ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरले आणि दुसऱ्या टोकाला काडी लावली. तिथे दुसरी छोटी ज्योत पेटली. ज्योतीच्या पोटात आग नाही, इंधनाची वाफ आहे, हे मुलांना दिसले. मेणबत्ती विझवून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला काही अंतरावर काडी लावली, तर आग त्या रेषेवरून खाली धावत येऊन वात पेटवते. मुलांना यात जादू दिसली. आजच्या भाषेत, वातीपासून सुटलेली ज्योत परत कशी येते याचा तो प्रयोग होता.

ज्योतीत कागद आडवा धरून लगेच काढला तर त्यावर जळक्या रंगाचे कडे उमटते, मधला भाग पांढराच राहतो. जळणे कडेला, जिथे हवा भेटते तिथे होते. विसरण ज्योतीची ही सगळ्यात स्वस्त व्याख्या म्हणता येईल. तिचे गणित मात्र १९२८ मध्ये बर्क आणि शूमन या दोघांनी मांडले. फॅरेडे यांनी ज्योत केव्हा सुटते याचे नियम दिले नाहीत, ते काम विसाव्या शतकातले. आणि तरंगणारी ज्योत नेमकी कशाच्या आधारे तिथे थांबते, मिसळलेल्या वायूतल्या ज्योतीच्या वेगाने, तिच्या काठाच्या खास रचनेने की प्रवाहातल्या भोवऱ्यांनी, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

पुढची व्याख्याने पाणी, हायड्रोजन, हवा आणि कार्बनचा वायू यांवर गेली. शेवटी श्वास. मेणबत्ती आणि माणूस दोघेही कार्बन जाळतात, प्राणवायू घेतात आणि सारखाच वायू बाहेर टाकतात, आणि तो वायू झाडे वापरतात. पाचवीच्या मुलालाही आता हे ठाऊक असते. पण एका मेणबत्तीपासून निघून इथपर्यंत पायरी न गाळता जाणे कठीण होते.

त्या वेळी वऱ्हाडात काय चालले होते?

लंडनमध्ये ही व्याख्याने चालू होती तेव्हा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात जाऊन सात-आठ वर्षे झाली होती. घरात उजेड म्हणजे तेलाचा दिवा आणि इथल्याच कापसाची वात. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. रेल्वे त्याच दशकात आली. भुसावळहून अकोला, बडनेरा करत लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. फॅरेडे गेले ते याच वर्षी.

अखेरची वर्षे

ज्योतीवर इतके काम केलेल्या माणसाला आपल्याच शोधाने ज्योतीची जागा घेतलेली पाहायला मिळाली. १८५८ च्या डिसेंबरात साउथ फोरलँडच्या दीपगृहात विजेचा दिवा लावून पाहण्यात आला. त्याचे जनित्र फॅरेडे यांच्या १८३१ च्या तत्त्वावर चाले. फेब्रुवारी १८६० मध्ये तो तपासायला ते बर्फातून वाट काढत गेले. त्यांनी दिव्याची बाजू घेतली, खर्च आणि देखभालीच्या अडचणीही तितक्याच स्पष्टपणे नोंदवल्या.

सरदारकी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. राणी व्हिक्टोरियाने १८५८ मध्ये हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिले ते मात्र स्वीकारले. १८६५ मध्ये दीपगृहांचे कामही सोडले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी साधा झाला. हायगेटच्या दफनभूमीतल्या त्यांच्या दगडावर नाव आणि तारखांपलीकडे फारसे काही नाही.

घरी करून पाहता येईल असे काही आहे का?

व्याख्यानांतला एक प्रयोग भर उन्हात करता येतो आणि उन्हाची कमतरता अकोल्यात तरी कुणाला जाणवणार नाही. उन्हाची तिरीप पडलेल्या भिंतीसमोर, वारा नसेल अशा जागी, मोठ्या माणसाने पेटती मेणबत्ती धरायची. भिंतीवर ज्योतीची सावली पडते. उजेड देणाऱ्या वस्तूची सावली पडते हेच आधी चमत्कारिक वाटते. त्याहून चमत्कारिक म्हणजे ज्योतीचा जो भाग सर्वांत झगझगीत, त्याचीच सावली सर्वांत गडद. तिथे कार्बनचे असंख्य बारीक कण तापून पिवळे झालेले असतात. उजेड त्यांचाच, ऊन अडवतात तेही तेच. गॅसच्या निळ्या ज्योतीत हे कण जवळजवळ नसतात, म्हणून तिची अशी गडद सावली पडत नाही आणि पातेल्याचे बूडही काळे होत नाही. शेगडी पिवळी जळू लागली की आधी तिची भोके आणि हवेची झडप पाहावी, ती याचसाठी.